काजळात असते काय?

फाल्गुन सरत येतो, पळस आणि पांगारा फुलतात, शाळेत वार्षिक परीक्षेची लगबग सुरू होते. याच सुमारास वर्गात डोळे चोळत बसणारी मुले जास्त दिसू लागतात. पाठोपाठ गुढीपाडवा, चैत्रगौरीचे हळदीकुंकू आणि लग्नसराई येते. म्हणजे डोळ्यांत काजळ घालण्याचेही हेच दिवस. डोळ्यांची खाज आणि डोळ्यांचा साज वसंतात असे एकत्र येतात.

एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात मी रसायनशास्त्रावर बोलत होतो. शेवटी प्रश्न विचारायला सांगितले, तेव्हा प्राथमिक शाळेतल्या एका बाईंनी विचारले, "सर, घरचे काजळ चांगले की बाजारातले?" काहीजण हसले. मीही फारसा विचार न करता "घरचे" असे सांगून मोकळा झालो. चहाच्या सुट्टीत बाईंनी पर्समधून एक छोटी डबी काढली. मुलीच्या तीन महिन्यांच्या बाळासाठी नात्यातल्या कुणीतरी ती आणून दिली होती. "ही पण घरी कुटलेलीच आहे," त्या म्हणाल्या. डबीत काळी, किंचित चमकणारी पूड होती. डबी हातात घेतली आणि मी चपापलो. एवढ्याशा डबीच्या मानाने ती फारच जड होती.

माझे उत्तर चुकले होते, कारण मी प्रश्नच नीट ऐकला नव्हता. काजळ कुठे तयार झाले यापेक्षा ते कशाचे तयार झाले हे आधी विचारायला हवे होते.

काळा रंग एक, पदार्थ तीन

डोळ्यांना लावायच्या काळ्या प्रसाधनांत मुख्यतः तीन वेगवेगळे पदार्थ आढळतात.

पहिला पदार्थ म्हणजे काजळी. तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर ताटली उपडी धरून आजी काजळ धरत असे, ते हेच. ज्योतीला पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर तेलातील सर्व कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. ज्योतीवर थंड ताटली धरली की ज्वलन अर्धवट राहते आणि न जळलेला कार्बन अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने ताटलीवर बसतो. हे कण साधारणपणे एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या काही पट, म्हणजे काही दशक नॅनोमीटर आकाराचे असतात आणि एकमेकांना चिकटून त्यांच्या साखळ्या बनतात. ही काजळी तुपात किंवा तेलात खलली की काजळ झाले.

दुसरा पदार्थ म्हणजे शिसे सल्फाइड. हे खनिज गॅलेना या नावाने ओळखले जाते आणि शिसे मिळवण्याचे ते प्रमुख धातुक आहे. ते कुटून, वस्त्रगाळ करून बनवलेली पूड सुरमा म्हणून उत्तर भारतात, पश्चिम आशियात आणि आफ्रिकेच्या काही भागांत शतकानुशतके वापरली जाते. सुरमा म्हणजे अँटिमनीचे सल्फाइड असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते. प्रयोगशाळेत तपासलेल्या सुरम्याच्या नमुन्यांत मात्र बहुधा शिसे सल्फाइडच सापडते. गॅलेनाचा आणखी एक परिचय विज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल. जगदीशचंद्र बोस यांनी रेडिओलहरी ओळखण्यासाठी जो स्फटिक वापरला, तो गॅलेनाचाच. त्या शोधकयंत्राचे अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले.

तिसरा पदार्थ म्हणजे काळे लोह ऑक्साइड. आजच्या काजळ-पेन्सिलींत मेण, तेल आणि सिलिकोन यांच्या मिश्रणात हे लोह ऑक्साइड किंवा कारखान्यात तयार केलेला शुद्ध कार्बन मिसळलेला असतो.

तिन्ही पदार्थ काळे दिसतात, कारण तिन्ही दृश्य प्रकाशातील जवळजवळ सर्व रंग शोषून घेतात. डोळ्यांना त्यांच्यातला फरक कळणे कठीण. नावावरूनही कळत नाही, कारण काजळ, सुरमा, अंजन, कोहल ही नावे सैलपणे एकमेकांच्या जागी वापरली जातात. वजन मात्र थोडे बोलते. गॅलेनाची घनता पाण्याच्या साडेसात पट आहे, तर काजळीची भुकटी चिमटीत जाणवतही नाही. बाईंच्या डबीने मला सावध केले ते यामुळेच.

विरघळत नाही, मग अपाय कसा?

सुरम्याचे समर्थन करणारे एक शास्त्रीय वाटणारे कारण पुढे करतात. शिसे सल्फाइड पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहे, अश्रूंत ते विरघळणार नाही, मग शरीरात जाणार कसे? विधानाचा पहिला भाग बरोबर आहे. पण डोळा म्हणजे बंद डबी नव्हे.

डोळ्यांत औषधाचा थेंब घातल्यावर थोड्या वेळाने घशात कडू चव येते, हा अनुभव सर्वांना आहे. डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात, वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेवर एकेक बारीक छिद्र असते. तेथून अश्रू नळीवाटे नाकात आणि पुढे घशात उतरतात. दर मिनिटाला एक-दोन मायक्रोलिटर अश्रू या वाटेने सतत वाहत असतात. त्यांच्याबरोबर सुरम्याचे कणही जातात आणि गिळले जातात. लहान मुलांच्या बाबतीत आणखी जवळची वाट आहे. ती डोळे चोळतात आणि तीच बोटे तोंडात घालतात.

पोटात पोचल्यावर परिस्थिती बदलते. तेथे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. शिसे सल्फाइड अधिक हायड्रोक्लोरिक आम्ल यांपासून शिसे क्लोराइड आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. सगळी पूड विरघळत नाही, पण कण जितके बारीक तितका त्यांचा पृष्ठभाग मोठा आणि विरघळणे तितके सोपे. सुरमा वस्त्रगाळ करण्याचा जो गुण मानला जातो, तोच येथे घातक ठरतो.

विरघळलेल्या शिशापैकी प्रौढांचे आतडे साधारण दहावा भाग शोषते. लहान मुलांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाऊ शकते. वाढत्या शरीराला कॅल्शियम हवे असते आणि शरीराची यंत्रणा शिशालाही त्याच दाराने आत घेते. पुढे शिसे हाडांत साठते आणि वाढत्या मेंदूच्या कामात अडथळा आणते.

हे थोडे हिशेबाने पाहू. शिशाचा अणुभार २०७.२ आणि गंधकाचा सुमारे ३२.१, म्हणजे शिसे सल्फाइडमध्ये वजनाने सुमारे ८६.६ टक्के शिसे असते. शुद्ध गॅलेनाच्या २ मिलिग्रॅम पुडीत शिसे किती? सुमारे १.७३ मिलिग्रॅम, म्हणजे १,७३० मायक्रोग्रॅम. तीन महिन्यांच्या सहा किलो वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त सुमारे अर्धा लिटर, म्हणजे ५ डेसिलिटर असते. रक्तात दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले तर त्याचा स्रोत शोधून तो बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शिका सांगते. या बाळापुरते ते होतात २५ मायक्रोग्रॅम. म्हणजे त्या २ मिलिग्रॅममधील शिशाचा शंभरात दीड भाग जरी रक्तात पोचला तरी ही पातळी गाठली जाते. रक्तातील शिसे पुढे हाडांतही जात असल्याने हा हिशेब ढोबळ आहे, पण प्रमाणाची कल्पना येण्यास तो पुरेसा आहे. शिवाय काजळ एकदा घालून कुणी थांबत नाही. ते रोज घातले जाते.

शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी आढळलेली नाही. थोड्या शिशाने ताप येत नाही, पुरळ उठत नाही. परिणाम दिसतो तो पाच-सहा वर्षांनी, शाळेत. लक्ष न लागणे, शिकण्याचा वेग मंदावणे, बुद्ध्यंक काही अंकांनी घटणे या स्वरूपात. चंचल किंवा मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या अंगात शिसे असते असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याची कारणे पुष्कळ असतात. परंतु टाळता येण्याजोगे एक कारण डोळ्यांत घालून आपण बाळाची सुरुवात का करावी?

जुने ज्ञान, नवे कायदे

डोळ्यांच्या रंगाचे रसायनशास्त्र फार जुने आहे. फ्रेंच संशोधकांनी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील प्राचीन इजिप्शियन प्रसाधनांच्या कुप्यांतील पुडी तपासल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गॅलेनाबरोबर शिशाची दोन क्लोराइड संयुगे आढळली. निसर्गात ती इतकी दुर्मिळ आहेत की, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी ती मुद्दाम तयार केली असावीत असा निष्कर्ष निघाला. २०१० मधील एका अभ्यासात दिसले की, अत्यल्प प्रमाणातील शिशाचे आयन त्वचेच्या पेशींना जास्त नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतात, आणि त्यामुळे जंतूंशी लढण्यास मदत होऊ शकते. "सुरमा औषधी आहे" याचा पुरावा म्हणून हा अभ्यास सांगितला जातो. तो प्रयोग पेशींवर, अगदी अल्प मात्रेत केलेला होता. बाळाच्या डोळ्यांत रोज पूड भरण्याला त्याचा आधार घेता येत नाही.

आधुनिक काळातही धडे महाग पडले. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास पापण्यांचे केस काळे करणारा 'लॅश ल्युअर' नावाचा रंग विकला जात होता. त्यातील पॅराफिनिलीनडायअमीन या रंगद्रव्यामुळे काही स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, दृष्टी गेली आणि एक मृत्यूही झाला. त्या वेळच्या कायद्याच्या कक्षेत सौंदर्यप्रसाधने येतच नव्हती. १९३८ च्या नव्या कायद्याने ती आणली. आज अमेरिकेत कोहल हे रंगद्रव्य म्हणून वापरण्यास मान्यता नाही. आपल्याकडेही रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे वापरून प्रसाधने बनवण्यास मनाई आहे. सध्या लागू असलेल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही ती कायम आहे. भारतीय मानकांनुसार प्रसाधनात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत २० भाग इतकी आहे. शुद्ध गॅलेनामध्ये दहा लाखांत सुमारे ८ लाख ६६ हजार भाग शिसे असते, म्हणजे मर्यादेच्या ४३ हजार पट. परंतु कुणी यात्रेत विकत घेतलेली किंवा परगावाहून भेट आलेली बिनलेबलाची पुडी कायद्याच्या नजरेला पडत नाही.

काजळ कुठे लावावे?

पदार्थ निर्धोक असला तरी तो लावण्याची जागा महत्त्वाची आहे. आरशात खालची पापणी हलकेच ओढून पाहा. पापणीच्या केसांच्या आतल्या बाजूला ओलसर कड दिसेल. या कडेवर तैलग्रंथींची तोंडे ओळीने उघडतात. वरच्या पापणीत अशा २५ ते ४० ग्रंथी असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंच्या थरावर पातळ साय धरते आणि अश्रू लवकर वाळू देत नाही. हा अश्रूंचा संपूर्ण थर असतो अवघा ३ मायक्रोमीटर जाडीचा.

आपण काजळाची रेघ ओढतो ती नेमकी या कडेवर. मेणाने आणि कणांनी ग्रंथींची तोंडे बुजतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, कधी रांजणवाडीसारखी गाठ येते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात डोळ्यांची पेन्सिल आधी पापणीच्या केसांबाहेर आणि नंतर आतल्या कडेवर लावून पाहिली. आतल्या कडेवर लावल्यास पाच मिनिटांतच अश्रूंच्या थरात अधिक कण पोचलेले दिसले. म्हणून रेघ केसांच्या बाहेरच्या बाजूने ओढावी. ती दिसते तितकीच ठसठशीत आणि आतल्या ग्रंथी मोकळ्या राहतात.

वसंतातील खाज

आता वर्गात डोळे चोळणाऱ्या मुलांकडे येऊ. वसंत-ग्रीष्मात मुलांना होणारा एक ॲलर्जीचा नेत्रविकार आहे. त्याच्या वैद्यकीय नावातच वसंत आहे. मराठीत त्याला वासंतिक नेत्रदाह म्हणता येईल. साधारणतः पाच वर्षांपासून पौगंडावस्थेपर्यंत, मुलींपेक्षा मुलांत तो अधिक दिसतो. असह्य खाज, उजेडाचा त्रास आणि चिकट, दोऱ्यासारखा स्राव ही त्याची लक्षणे. उष्ण, कोरड्या आणि धुळीच्या हवेत तो बळावतो. तो संसर्गजन्य नाही, त्यामुळे अशा मुलाला वेगळे बसवण्याचे कारण नाही. सतत डोळे चोळल्याने मात्र बुबुळावरील पारदर्शक पटलाचा आकार बिघडू शकतो. उपचारासाठी नेत्रतज्ज्ञच हवा. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी खाज झटकन थांबते, पण ते महिनोन्‌महिने घातल्यास काचबिंदूचा धोका असतो.

अशा डोळ्यांना "थंडावा" म्हणून काजळ घालण्याची पद्धत आहे. दाह झालेल्या पटलावर आणखी कण टाकणे, तेही चोळणाऱ्या बोटाखाली, हे जखमेवर वाळू टाकण्यासारखे आहे. खाज असेपर्यंत डोळ्यांना काहीही लावू नये. स्वच्छ गार पाण्याची पट्टी बंद पापण्यांवर ठेवल्यास आराम पडतो.

याउलट 'डोळे येणे' हा विषाणूंमुळे किंवा जिवाणूंमुळे होणारा संसर्ग आहे. तो हाताने, रुमालाने आणि मैत्रिणींत फिरणाऱ्या एकाच काजळ-पेन्सिलीनेही पसरतो. स्नेहसंमेलनात पडद्यामागे वीस मुलींच्या डोळ्यांवरून एकच पेन्सिल फिरते, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे.

निवड आणि वापर

वरील विवेचनातून पुढील नियम आपोआप निघतात. कारण समजले की नियम पाठ करावे लागत नाहीत.

१. घटकांची यादी, निर्मात्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेलीच वस्तू घ्यावी. घटकांत 'सी.आय. ७७४९९' म्हणजे काळे लोह ऑक्साइड आणि 'सी.आय. ७७२६६' म्हणजे कार्बन.

२. सुटी, जड, चमकदार काळी पूड कितीही आपुलकीने दिलेली असली तरी वापरू नये.

३. सणासुदीला पापण्यांवर हिरवा, पिवळा, मोतिया रंग लावला जातो. त्यांतील मंद चकाकी बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचा मुलामा दिलेल्या अभ्रकाच्या पातळ चकत्यांची असते. पण जाड चमकीचे तुकडे डोळ्यांत गेल्यास पटलावर ओरखडा उठतो. डोळ्यांजवळ चमकी नको.

४. हात धुऊन, स्थिर बसून, केसांच्या बाहेरून रेघ ओढावी. धावत्या बसमध्ये नको. टोक ओले करण्यासाठी थुंकी कधीही लावू नये, कारण तोंडातील जंतू डोळ्यांना सोसत नाहीत.

५. प्रत्येकीची पेन्सिल वेगळी असावी. डोळे आले असतील तर त्या वेळी वापरलेली वस्तू टाकून द्यावी. पापण्यांच्या केसांना लावायचा पातळ मस्कारा एरवीही तीन-चार महिन्यांत टाकावा, कारण कुंचला दर वेळी नवे जंतू आत नेतो.

६. झोपण्यापूर्वी रंग काढावा. काजळ मेणा-तेलाचे असल्याने नुसत्या पाण्याने निघत नाही. कापसावर तेलाचा एक थेंब घेऊन बंद पापणीवरून हलकेच पुसावे. तेलात तेल विरघळते, एवढेच त्यातले रसायनशास्त्र.

७. तान्ह्या बाळांच्या डोळ्यांत काहीच घालू नये, अगदी घरी धरलेले काजळसुद्धा. त्यात शिसे नसले तरी धुरातील इतर संयुगे असतात, तूप खवट होते, आणि नखाने पटलाला इजा होण्याची भीती असते. काजळाने डोळे मोठे होत नाहीत. जन्मतः सुमारे १७ मिलिमीटर असलेला नेत्रगोल वाढून २४ मिलिमीटरच्या आसपास जातो, तो काजळाविनाच.

वर्गात करून पाहा

पणतीच्या ज्योतीवर शिक्षकांनी स्वतः चिमट्याने स्टीलची ताटली दोन मिनिटे धरावी. जमलेली काजळी थंड झाल्यावर थोडी पाण्यावर आणि थोडी तेलात टाकावी. पाण्यावर ती तरंगत राहते, तेलात सहज मिसळते. पाण्यात साबणाचा थेंब टाकला की काय होते ते मुलांना पाहू द्यावे. काजळ तुपातच का खलतात याचे उत्तर ती स्वतःच देतील. ही काजळी डोळ्यांना लावायची नाही, हे सुरुवातीलाच सांगावे. सुरम्याची पूड मात्र प्रयोगासाठीही वर्गात आणू नये आणि तापवू तर मुळीच नये. दहा लाखांत वीस भाग शिसे ओळखणारी कोणतीही घरगुती परीक्षा नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील उपकरणेच लागतात.

बाईंची डबी मी प्रयोगशाळेत नेली. क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेल्या तपासणीत तिच्यातील मुख्य घटक शिसे हाच निघाला. त्याआधीच, त्याच संध्याकाळी, बाईंनी मुलीला दूरध्वनी करून पूड बंद करायला सांगितले होते. दोनच दिवस ती घातली गेली होती. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने बाळाचे रक्त तपासले गेले आणि शिशाची पातळी काळजी करण्यासारखी नव्हती. नंतर बाईंनी आपल्या शाळेच्या पालकसभेत एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घरी बाळासाठी जे काजळ आहे, ते कशाचे बनवले आहे?" सात जणींना उत्तर देता आले नाही. त्यांतल्या तिघी दुसऱ्या दिवशी आपापली डबी घेऊन आल्या.